तंतुकणिकांचे रोपण आणि कायद्याचे मौन

शालेय विज्ञानाच्या पुस्तकातील ‘पेशीचे ऊर्जाकेंद्र’ ही व्याख्या दोन गुणांसाठी पाठ करून जिला आपण सर्वांनीच विसरून टाकले, ती तंतुकणिका आता शस्त्रक्रियागृहात येऊन पोचली आहे. रक्तपुरवठा तुटल्याने ज्यांचे हृदय शस्त्रक्रियेनंतरही नीट चालेना, अशा पाच मुलांवर अमेरिकेतील बोस्टनच्या बालरुग्णालयात एक नवा उपचार झाला. डॉ. जेम्स मॅककली आणि शल्यविशारद डॉ. सीताराम इमानी यांनी त्या मुलांच्या हृदयात त्यांच्याच पोटाच्या स्नायूतून काढलेल्या निरोगी तंतुकणिका टोचल्या आणि पाचांपैकी चौघांना यंत्राच्या आधारावरून उतरविता आले. हा वृत्तान्त २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर या विषयाचा बोलबाला सारखा वाढत आहे. वृत्त आनंदाचे आहे, यात शंका नाही. परंतु आज आम्ही ते पहिल्या पानावर घेत आहो ते आनंदापेक्षा काळजीपोटी.

ही वस्तू आहे तरी काय, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. सूत आणि कण या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून कार्ल बेंडा या जर्मन शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये तिला मायटोकाँड्रिया हे नाव दिले. आपला ‘तंतुकणिका’ हा शब्द त्याचेच चोख मराठी रूप होय. पेशीत शिरलेली साखर आधी थोडी फुटते आणि मग तंतुकणिकेत प्राणवायूच्या साह्याने तिचे सावकाश ज्वलन होऊन पेशीला लागणारी शक्ती निर्माण होते. आमच्या जिल्ह्यातील वाचकाला हे समजावयास कठीण जाऊ नये. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला उभा केलेला कारखाना ज्याने पाहिला आहे, त्याला ठाऊक आहे की गाळपातून उरलेला बगॅस बॉयलरखाली जळतो आणि त्याच्याच वाफेवर सारा कारखाना फिरतो. बॉयलर थंडावला की गव्हाणीत कितीही ऊस पडो, साखरेचा दाणा निघत नाही. हृदयाच्या स्नायुपेशीचा तर सुमारे तिसरा हिस्सा या बॉयलरांनीच व्यापलेला असतो, कारण त्या बिचाऱ्या स्नायूला जन्मभर सुट्टी नाही.

हृदयाची रक्तवाहिनी तुंबली की वीस-एक मिनिटांत स्नायू मरावयास लागतो. त्यातली मेख अशी की तुंबलेले रक्त पुन्हा मोकळे केले, तरी त्या अवचित आलेल्या प्राणवायूनेच दुबळ्या झालेल्या तंतुकणिका आणखी मोडतात. विषाचेही तसेच. धान्याला कीड लागू नये म्हणून कोठारात ठेवावयाच्या गोळ्यांतून जो वायू सुटतो, तो तंतुकणिकेतील ज्वलनाची शेवटची पायरीच बंद पाडतो. त्यावर उतारा नाही. धान्याच्या खोलीत निजू नये असे कृषिखात्याने गावोगाव सांगितले, तर त्याने चार घरे वाचतील. पण तो स्वतंत्र विषय आहे.

तेव्हा मोडलेल्या बॉयलरच्या जागी चांगला बॉयलर बसवावा, ही कल्पना सरळ आणि मोहक आहे. कृतीही फार लांबलचक नाही. रुग्णाच्याच स्नायूचा लहानसा तुकडा घ्यावयाचा, तो कुटून गाळून त्यातील तंतुकणिका वेगळ्या काढावयाच्या आणि सुमारे अर्ध्या तासात त्या दुखावलेल्या भागात टोचावयाच्या. रुग्ण टेबलावर असतानाच सारे उरकते. माल रुग्णाचाच असल्यामुळे शरीर तो परका म्हणून झिडकारीत नाही.

मात्र आजवरचा पुरावा किती आहे? बोस्टनच्याच मंडळींनी २०२१ मध्ये पुढचा हिशेब मांडला. हा उपचार मिळालेली मुले १० आणि न मिळालेली १४. पहिल्यांपैकी ८ जणांना यशस्वीपणे यंत्रावरून उतरविता आले, दुसऱ्यांपैकी अवघ्या ४ जणांना. आकडे आशादायक खरेच. पण मुले एकूण चोवीस, आणि कोणाला उपचार द्यावयाचा हे चिठ्ठ्या टाकून ठरविलेले नव्हते. सिअ‍ॅटल येथे पक्षाघाताच्या चार रुग्णांवर प्रयोग होऊन त्याची हकीकत २०२४ मध्ये आली. त्यात उपचार धोक्याचा नाही ना, एवढेच प्रामुख्याने पाहावयाचे होते. इस्राएलात सहा आजारी मुलांच्या रक्तातील मूळपेशींना त्यांच्या मातांच्या तंतुकणिकांची जोड देण्यात आली; ते २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसरीकडे, रक्तातील कॅल्शियमच्या भडिमारात उघड्या तंतुकणिका जिवंत तरी कशा राहतात, असा रोखठोक सवाल नामवंत हृदयशास्त्रज्ञांनी २०१८ मध्येच केला आहे. टोचलेल्या तंतुकणिका खरोखर कामाला लागतात, की त्यांच्या नुसत्या स्पर्शाने पेशी सावध होते, याचाही निकाल लागलेला नाही.

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. इंग्लंडातील न्यूकॅसल येथे तीन व्यक्तींच्या बीजांशातून आठ बालके जन्मली, ही २०२५च्या जुलैमधील वार्ता पुष्कळांनी वाचली असेल. तंतुकणिका आपणा सर्वांना केवळ आईकडून मिळतात. आईच्या तंतुकणिका सदोष असल्यास दुसऱ्या स्त्रीच्या बीजांडाचा आधार घेऊन वंशातील तो दोष खुडण्याचा तो मार्ग आहे. त्यासाठी ब्रिटिश पार्लमेंटने २०१५ मध्ये उघड चर्चा करून स्वतंत्र नियम केले आणि त्यानंतर प्रत्येक जोडप्याची अनुमती वेगवेगळी तपासली गेली. उपचार निराळा आहे. पण राज्यकर्त्यांनी विज्ञानाच्या आधी जाऊन दार कसे बांधावे, याचा तो धडा आहे.

आपल्याकडे दार बांधण्याची पद्धत निराळी. मूळपेशींची कथा फार जुनी नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली, तेव्हा त्यांच्या नावात ‘संशोधन आणि उपचार’ असे दोन्ही शब्द होते. २०१३च्या आवृत्तीत ‘उपचार’ हा शब्दच गाळावा लागला. का गाळावा लागला, हे सांगण्यास भाष्यकार नको. रक्ताच्या ठरावीक आजारांतील रक्तजनक पेशींचे रोपण सोडल्यास बाकी सारे प्रयोगच समजावेत, असे २०१७च्या आवृत्तीने पुन्हा बजावले. तोवर मतिमंदत्वापासून मधुमेहापर्यंत सर्व काही बरे करून देणारी दुकाने देशभर थाटली गेली होती आणि शेत गहाण टाकून आलेल्या आईबापांनी त्यांचे गल्ले भरले होते.

तंतुकणिकांच्या बाबतीत अडचण याहूनही नाजूक आहे. औषधांच्या चाचण्यांविषयीचे २०१९चे नियम उघडून पाहावेत. ‘नवे औषध’ कशास म्हणावे हे सांगताना त्यांत लसी आल्या, मूळपेशींपासून केलेली द्रव्ये आली, जनुकोपचाराची द्रव्ये आली, परजातीच्या प्राण्यांचे अवयवही आले. तंतुकणिकेचे नाव नाही. ती मूळपेशी नव्हे. किंबहुना ती पेशीच नव्हे, पेशीचा एक भाग. उद्या एखादा चतुर मनुष्य म्हणेल की, रुग्णाचा स्नायू मी रुग्णालाच परत दिला, औषध कोठे दिले? देशात रूढ नसलेले कोणतेही द्रव्य नव्या औषधात मोडते, असे उत्तर सरकारी वकील देईल हे आम्हांस दिसते. पण तो वाद न्यायालयात वर्षानुवर्षे चालेल आणि दुकान मात्र दुसऱ्याच दिवशी उघडेल.

यावर आमचे काही डॉक्टर मित्र म्हणतील, मरणाच्या दारात असलेल्या रुग्णाला आशा नाकारणारे तुम्ही कोण? आशा नाकारावी असे आम्ही म्हणतच नाही. ज्या प्रयोगाची सरकारदरबारी नोंद आहे, ज्यावर नीतिसमितीची नजर आहे, इजा झाल्यास ज्यात मोफत उपचार आणि भरपाई मिळते, त्या प्रयोगात रुग्णाने खुशाल जावे. अशा प्रयोगात भाग घेणाऱ्याकडून पैसा घ्यावयाचा नसतो. नेमकी हीच खूण आमच्या वाचकांनी ध्यानी ठेवावी. प्रयोग म्हणून सांगतात आणि बिलही करतात, तेथून उठून यावे.

हा प्रश्न नगरकरांचा कसा, असे कोणी विचारील. जिल्ह्याचा विस्तार १७,००० चौरस किलोमीटरांच्या वर, राज्यात सर्वांत मोठा. २०११च्या गणनेत माणसे ४५ लाखांवर. अकोल्याच्या डोंगरपट्टीतील किंवा जामखेडच्या टोकाकडील गृहस्थाच्या छातीत कळ आली, तर त्याला मोठ्या रुग्णालयापर्यंत आणताना जो वेळ जातो, त्यातच त्याच्या तंतुकणिका मरत असतात. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध तालुक्याच्या ठिकाणी वेळेवर मिळाले, तर बोस्टनची वाट पाहावी लागणार नाही. याच जामखेडला १९७० पासून रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने खेड्यातील निरक्षर बायकांना शिकवून आरोग्यसेविका केले. त्या कामाची कीर्ती जगभर गेली. आणि त्यात कोठेही चमत्काराचे आमिष नव्हते.

संशोधनाला आमचा विरोध आहे, असा ग्रह कोणी करून घेऊ नये. पुण्यास राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. लोणीला आणि विळद घाटात वैद्यकीय महाविद्यालये आहेत. नगरहून सकाळी निघालेला मनुष्य दुपारच्या जेवणाला पुण्यात असतो. या संस्थांनी एकत्र बसून नोंदणीकृत, विनामूल्य, सर्वांना दिसेल असा प्रयोग हाती घेतला, तर आम्ही त्याचे वृत्त अभिमानाने छापू. शिवाय १९५४चा चमत्कारी उपायांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा अजून पुस्तकात आहे. त्याच्या यादीत हृदयरोग आणि पक्षाघात ही दोन्ही नावे आहेत, आणि पहिल्याच अपराधास सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. अन्न व औषध प्रशासनाने तो कधीतरी वापरून पाहावा.

जिल्ह्यात विधानसभेचे बारा मतदारसंघ आहेत. येत्या अधिवेशनात आमच्या आमदारांपैकी एकाने तरी हा तारांकित प्रश्न टाकावा: नोंदणीकृत प्रयोगाबाहेर तंतुकणिकांचे रोपण करणे २०१९च्या नियमांखाली निषिद्ध आहे किंवा नाही, नसल्यास केंद्राकडे तशी दुरुस्ती राज्य शासन कोणत्या तारखेपर्यंत मागणार आहे, आणि तोवर असा उपचार विकणाऱ्या रुग्णालयाची नोंदणी १९४९च्या कायद्याखाली रद्द करण्यात येईल काय?