बिलात ग्रीसिंग, शाफ्ट कोरडा

कापडाच्या धंद्यातला माणूस मोटारीच्या ग्रीसवर लिहू लागला म्हणजे व्यापारी बांधवांना हसू येईल. येऊ द्या. गेली पंचवीस-तीस वर्षे आम्ही मालेगावची लुंगी आणि रंगीत साडी सातपुड्याच्या आठवडे बाजारांत नेऊन विकतो. तिकडचा धंदा गाठोड्यावर जितका चालतो तितकाच गाडीवर चालतो. माल कितीही चांगला असो, बाजाराच्या दिवशी तो बाजारात पोहोचला नाही तर तो गोदामातलाच माल.

सन २०१९ ची गोष्ट. होळीपूर्वी सातपुड्यात भोंगऱ्याचे बाजार भरतात. वर्षभरात जेवढे कापड तिकडे जाते त्यातला मोठा हिस्सा त्या आठवड्यात जातो, हे या धंद्यातल्यांना सांगायला नको. उधारीवर सूत उचललेले, लूमवाल्यांचे पैसे होळीनंतर देण्याचा वायदा केलेला, आणि आमची जुनी फोर-व्हील जीप पाठीमागे ट्रेलर लावून धडगावच्या बाजूला निघालेली. घाटातला रस्ता सोडून पाड्याकडे जाणाऱ्या कच्च्या चढावर ड्रायव्हरने फोर-व्हील टाकली. थोडे अंतर गेलो आणि गाडीखाली असा आवाज झाला की जणू कोणी हातोडा मारतो आहे. पुढच्या शाफ्टचा ट्रान्सफर केसकडचा जॉइंट तुटला होता. सुटलेले टोक चाकांबरोबर फिरत राहिले, त्याने सायलेन्सरचा पाइप तोडला आणि ट्रान्सफर केसला असा फटका दिला की तेलाची धार लागली. गाडी जागेवर. दुसऱ्याची पिकअप मिळून माल पोहोचला तेव्हा बाजार उठत आला होता. उरलेली गाठोडी आम्ही परत आणली आणि वायद्याच्या दिवशी लूमवाल्यांसमोर मान खाली घालून बसलो.

गाडी ओढून आणल्यावर आमच्या मोहल्ल्यातल्या जुन्या मिस्त्रीने तुटलेला क्रॉस हातात दिला. म्हणाले, "सेठ, बाकीचे जॉइंट बघा आणि हा बघा." बाकीच्या तिन्हींवर ताजे ग्रीस चमकत होते. या चौथ्याच्या निपलवर चिखलाची सुकून दगड झालेली पापडी होती. कपात सुईसारखी बारीक बेअरिंगे असतात, त्यांची लाल पूड झाली होती. गॅरेजची तीन वर्षांची बिले आमच्याकडे होती. प्रत्येकावर "ग्रीसिंग पूर्ण" असे लिहिलेले. पैसे चार जॉइंटचे दिले, ग्रीस तीनला मिळाले. गॅरेजचे नाव आम्ही घेत नाही, कारण आमचा तजुर्बा असा की हे एका गॅरेजचे काम नव्हे, हा रिवाजच आहे. जो निपल दिसतो त्याला गन लागते. जो दिसत नाही तो पोऱ्या सोडून देतो, आणि मालक खाली वाकून पाहत नाही. आमच्या लूमच्या एका बेअरिंगला तेल नसेल तर आम्ही कारागिराला फाडून खातो. गाडीच्या बाबतीत मात्र आम्ही बिल वाचून समाधान मानत होतो. यात अर्धी गफलत आमची.

हा जॉइंट दडलेला का असतो? पुढचा शाफ्ट ट्रान्सफर केसमधून निघून पुढच्या अ‍ॅक्सलला जातो. त्याचे मागचे टोक चासीचा आडवा सदस्य, गिअरबॉक्स आणि सायलेन्सरचा पाइप यांच्या मधल्या खोबणीत येते. क्रॉसला निपल एकच, आणि शाफ्ट जेथे थांबला असेल तेथे तो थांबतो. तो वर तोंड करून थांबला तर साध्या गनचे सरळ तोंड तेथपर्यंत जातच नाही. उपाय कठीण नाही, फक्त शाफ्ट फिरवायला हवा. ज्या गाडीच्या पुढच्या चाकांना लॉकिंग हब आहेत ते मोकळे करून ट्रान्सफर टू-व्हीलवर ठेवले की पुढचा शाफ्ट हाताने फिरतो. हब नसतील तर पुढचे एक चाक जॅकवर उचलून ते हाताने फिरवावे, त्याबरोबर शाफ्ट फिरतो. मागच्या शाफ्टसाठी मागचे एक चाक उचलून गिअर न्यूट्रल. पण नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणे हा जिवाशी खेळ आहे. अ‍ॅक्सलखाली भक्कम घोडी, जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके, इंजिन बंद आणि चावी आपल्या खिशात. जुन्या विलीज धाटणीच्या जीपवाल्यांनी तर जास्त सांभाळावे. तिचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागच्या ड्रमवर असतो. एक मागचे चाक उचलले की तो ब्रेक ओढूनही जमिनीवरचे चाक फिरू शकते. मागचा शाफ्ट तुटला तर तो ब्रेक गेलाच म्हणून समजा.

गनला लवचिक नळी लावावी. तरीही तोंड बसत नसेल तर सुईसारखे बारीक तोंड मिळते, ते निपलवर सरळ दाबून धरावे लागते, तिरके धरले की ग्रीस बाहेरच येते. त्यापेक्षा आमच्या मिस्त्रीने केले ते बरे. नवा क्रॉस बसवताना निपल मोकळ्या बाजूला येईल असा बसवला आणि सरळ निपल काढून त्याच आट्याचा वाकडा निपल लावला. खर्च एका चहाइतका. गन लावण्यापूर्वी निपल फडक्याने पुसावा, नाहीतर ग्रीसआधी माती आत जाते. मग हाताच्या गनने हळूहळू दाबत जावे आणि चारही कपांच्या सीलमधून नवे ग्रीस डोकावेपर्यंत थांबू नये. येथे बहुतेक जण चुकतात. एका कपातून ग्रीस बाहेर आले की काम झाले असे समजतात, आणि उरलेले तीन कोरडे राहतात. एखाद्या कपातून येत नसेल तर शाफ्ट थोडा फिरवून, हलवून पुन्हा दाबावे. हवेच्या दाबाची गन लावून सील उडवू नये.

शाफ्टचा जो भाग आत-बाहेर सरकतो त्यालाही निपल असतो. तेथे मात्र उलट, भसाभस भरू नये. आत ग्रीस कोंडले तर शाफ्टला दबायला जागा राहत नाही. आणि मिस्त्रीने तो भाग कधी वेगळा केलाच तर आधी दोन्ही तुकड्यांवर खूण करून घ्यावी. एकच क्रॉस वाकून फिरतो तेव्हा शाफ्टची गती एका फेरीत दोनदा वाढते, दोनदा घटते. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तो फरक भरून काढतो, पण दोन्ही एका रेषेत असले तरच. दाते चुकून बसले की गाडी थरथरते आणि आपण चाकांचे बॅलन्सिंग करत फिरतो.

ग्रीस लिथियमचे, दोन नंबरचे, जड दाबाचे घ्यावे. एकदा घेतले ते बदलू नये, वेगळ्या जातीची दोन ग्रीसे एकत्र आली की कधीकधी पातळ होऊन वाहून जातात. पुस्तकात दिलेले किलोमीटर डांबरी रस्त्याचे समजावेत. नदीनाल्यातून गाडी नेली तर घरी येऊन गन लावायचीच, कारण पाणी कपात शिरले की नवे ग्रीसच त्याला बाहेर ढकलते.

आमचे काही स्नेही म्हणतात, एवढी तकलीफ कशाला, बिननिपलचे बंद क्रॉस बसवा. म्हणणे अगदी चुकीचे नाही. त्या क्रॉसला आतून भोक पाडलेले नसते, त्यामुळे तो जोर जास्त सोसतो, आणि ज्याच्या गाडीला कोणी गन लावणारच नाही त्याने तोच बसवावा. पण आमच्यासारखा चिखल-पाण्याचा धंदा असेल तर पाणी शिरल्यावर त्याला काढण्याचा रस्ता बंद क्रॉसमध्ये नाही. म्हणून आम्ही निपलवालाच ठेवला आहे.

आता आमच्या गाडीत काचेखाली एक पुठ्ठा अडकवलेला आहे. त्यावर लिहिले आहे: क्रॉस चार, सरकते दोन, एकूण सहा. गॅरेजात गाडी गेली की आमचा मोठा मुलगा सोबत जातो, जमिनीवर चटई टाकून खाली सरकतो आणि सहा मोजतो. सहा झाले की पैसे. पहिल्या वेळी तेथल्या पोऱ्याने तोंड वाकडे केले होते. मुलाने त्याच्या हातात वाकडा निपल ठेवून तो कोठे बसतो ते दाखवले. पुढच्या वेळी पोऱ्यानेच शाफ्ट फिरवून ठेवला होता.