घरकुलाची दुसरी खोली

दिवाळी आली की रंगाचे डबे निघतात, माळ्यावरची भांडी खाली येतात, आणि एरवी ज्याच्याकडे आपले लक्ष नसते त्या घराकडे आपण जरा निरखून पाहतो. म्हणून यंदाच्या गप्पा घराच्याच. मात्र आपल्या नव्हे. सरकारी कागदावर ज्याला ‘घरकुल’ म्हणतात, त्या घराच्या.

मराठीचा मास्तर असल्यामुळे शब्द दिसला की तो उलटून पाहावयाची मला खोड आहे. घरकुल म्हणजे चिमुकले घर. लहानपणी ओल्या वाळूत पाय रोवून, वर वाळू थापून, पाय अलगद काढून घेतला की उरे ते घरकुल. असा लडिवाळ शब्द सरकारदरबारी कुणी नेला कोण जाणे! पण त्याच कागदावर त्या घरात राहणाऱ्याला ‘लाभार्थी’ म्हटलेले असते, आणि लडिवाळपणा तेथेच संपतो. लाभार्थी म्हणजे लाभाची इच्छा धरणारा. विद्यार्थी जसा विद्येची इच्छा धरणारा, तसाच! (माझा वर्गातला अनुभव निराळा आहे, पण ते असो.)

आमचे नायगाव आता नगरपंचायतीचे गाव आहे. १७ प्रभाग, १७ नगरसेवक. ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली की गाव कागदोपत्री शहर होते, आणि शहरी योजना दारी येतात. २०१५ साली सुरू झालेल्या पंतप्रधान आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्यास केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख, असे अडीच लाख मिळत. घर ३० चौरस मीटरांपर्यंतचे. म्हणजे सव्वातीनशे चौरस फुटांच्या आत-बाहेर. एक चांगली अट अशी, की घर बाईच्या नावावर किंवा निदान नवराबायकोच्या जोडनावावर हवे. पैसा हप्त्याहप्त्याने, पाया झाला की इतका, छत पडले की इतका. आणि या सगळ्याच्या आधी जागेचा कागद. गावोगावच्या गरिबाजवळ कागद म्हणून असतो तो बहुधा ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८. तो तर कर आकारणीचा उतारा. मालकीचा पुरावा नव्हे. वर्षानुवर्षे घरपट्टी भरणाऱ्या माणसाला घर बांधण्याच्या वेळी कळते की जागा आपली आहे हे अजून सिद्ध व्हायचे आहे!

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचे घरकुल गेल्या वर्षी पुरे झाले. आमच्या सौभाग्यवतींनी पेढे घेताना विचारले, ‘‘झालं ना हो मनासारखं?’’ त्या म्हणाल्या, ‘‘चांगलं झालं की ओ ताई. पण संध्याकाळी बसावं कुठं?’’

या प्रश्नाने मी चमकलो. जुने घर कुडाचे आणि पत्र्याचे होते, पण पुढे हातभर अंगण होते, लिंबाचे झाड होते, बाज टाकायला जागा होती. त्याच तुकड्यावर पक्के घर बसवावयाचे म्हणजे अंगण गेले. मराठवाड्याचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना सांगावयास नको, की दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत निवत नाही. भिंती मिळाल्या, कुलूप मिळाले, सावली गेली.

आणि येथेच बागेची गोष्ट येते. नगरपालिकेच्या कारभारात घरकुलाची फाईल एका टेबलावर, बागेची दुसऱ्या. वस्तुतः ३० चौरस मीटरांत राहणाऱ्या कुटुंबाला बाग ही घराची दुसरी खोली आहे. तेथे म्हातारी बसेल, पोर अभ्यास करील, लेकुरवाळी घटकाभर वारा खाईल. संस्कृतात ‘उद्यान’ म्हणजे मुळी बाहेर पडणे. ज्याला आत जागा नाही त्यालाच बाहेर पडण्याची खरी निकड! नांदेडात एका बागेचे नावच ‘विसावा’ आहे. ते ज्याने ठेवले त्याला बागेचा अर्थ कळला होता.

पण बाग होणार कशी? विकास आराखड्यात जागेवर आरक्षण पडते. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे दहा वर्षांत ती घेतली नाही, मालकाने नोटीस दिली आणि त्यानंतरही ठरल्या मुदतीत हालचाल झाली नाही, तर आरक्षण गळून पडते. मोठ्या ले-आउटमध्ये १० टक्के ‘ओपन स्पेस’ सोडावी लागते. तिच्यावर आधी वाळूचा ढीग येतो, मग पत्र्याची शेड, मग एक फलक. सोय होते, कुणी बोलत नाही, आणि बाग नकाशात राहते.

पैसा नाही, असे म्हणावयाचीही सोय नाही. नांदेडचे नाव २००५ च्या नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेत आले, आणि २००८ च्या गुरुतागद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने रस्ते व गोदावरीचे घाट झाले. त्याच योजनेतून गरिबांच्या वस्त्यांत घरेही उभी राहिली. मनात आले की दोन्ही होते.

आमच्या शेजारचे निवृत्त गुरुजी यावर म्हणतात, ‘‘आम्ही कर भरायचा आणि यांना फुकट घरे!’’ गुरुजींचा मी आदर करतो. पण त्याच आवास योजनेत २०१७ ते मार्च २०२१ पर्यंत वार्षिक ६ ते १२ लाख उत्पन्नाच्या मध्यमवर्गीयालाही गृहकर्जाच्या व्याजावर २ लाख ३५ हजारांपर्यंत सवलत होती. गरिबाचे अडीच लाख, आमचे जवळजवळ तेवढेच. फरक इतकाच, की आमच्या कागदावर ‘लाभार्थी’ हा शब्द कुणी मोठ्याने वाचून दाखवीत नाही.

तेव्हा वाचकहो, फराळाला पाहुणे आले की राजकारणाच्या गप्पा होणारच. त्यांत आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला विचारावयाचे दोन प्रश्न ठरवून ठेवा. आपल्या भागातल्या किती घरकुलांचे हप्ते कागदासाठी अडले आहेत? आणि नकाशातली बागेची जागा आज कुणाच्या ताब्यात आहे? अर्थसंकल्पाची सभा होण्याआधी विचारा. नंतर विचारलेत तर उत्तर एकच मिळेल : पुढल्या वर्षी पाहू.