तारा फक्त मुलांच्याच दातांना का?

पालकहो, मुलांच्या दातांना तारा बसवणे आपल्या समाजात आता नवे राहिलेले नाही. मुलगी दहावीला गेली की ‘पुढे स्थळे येतील’ म्हणून वडील कशीबशी पैशांची सोय करतात. तिच्या आईचे दात मात्र पुढे असले तर ती तोंडाला पदर लावून हसते आणि म्हणते, “आता या वयात काय करायचंय?” आम्हांला हे उत्तर मान्य नाही.

दातावर हलका, सतत दाब दिला की एका बाजूचे हाड विरघळते, दुसऱ्या बाजूला नवे भरते आणि दात सरकतो. ही क्रिया चाळिशीतही होते. वेळ थोडा अधिक लागू शकतो. बहुधा दीड-दोन वर्षे धरावीत. जबड्याची वाढ थांबलेली असल्याने जबड्यातच मोठा दोष असेल, तर मात्र शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. शिवाय हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. दाटीवाटीच्या दातांत ब्रश पोहोचत नाही, कीटण साचते व हिरड्या सुजतात.

स्टीलच्या तारा सर्वांत स्वस्त, आणि अवघड दातांनाही चालतात. दाताच्या रंगाच्या सिरॅमिक तारा कमी दिसतात. पारदर्शक अलाइनर काढता येतात, पण महाग असतात आणि दिवसाचे २० ते २२ तास घालावेच लागतात.

मात्र आधी हिरड्या! आपल्याकडे मिशरी, तंबाखू आणि मावा अजून सुटलेला नाही. हिरड्या रोगट असताना तारा बसवल्या तर दात आणखी हलू लागतात. म्हणून व्यसन सोडणे हाच उपचाराचा पहिला हप्ता समजावा.

डॉक्टर निवडताना बीडीएसनंतर तीन वर्षांचे ऑर्थोडॉन्टिक्सचे एमडीएस केलेले आहे का, हे निःसंकोच विचारावे. घरपोच अलाइनरच्या जाहिरातींना भुलू नये. अमेरिकेतील स्माइलडायरेक्टक्लब ही अशी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि अनेकांचे उपचार अर्धवट राहिले. खर्च झेपत नसेल तर सरकारी व महापालिकेच्या दंत महाविद्यालयांत चौकशी करावी. अहमदाबादला सरकारी महाविद्यालय आहे. मुंबईचे नायर दंत महाविद्यालय तर मुंबई सेंट्रल स्टेशनपासून जवळच आहे. फेऱ्या पडतात, गर्दीही असते, पण खर्च पुष्कळ कमी येतो.

तारा काढल्यावर रिटेनर वापरला नाही तर दात पुन्हा मूळ जागी सरकू लागतात, हेही लक्षात असू द्यावे.

ज्यांना गरज वाटत नाही त्यांनी खुशाल तसेच राहावे. वाकडे दात म्हणजे काही गुन्हा नव्हे. पण इच्छा असूनही जी आई केवळ ‘लोक काय म्हणतील’ म्हणून गप्प बसते, तिला घरच्यांनीच एकदा तपासणीला न्यावे, एवढीच आमची विनंती. आपले मत वर्गशिक्षकांमार्फत जरूर कळवावे.