मांसाला पर्याय हवा. बंदीचा नव्हे, वऱ्हाडच्या सोयाबीनचा

'मांसाला पर्याय' हे शब्द ऐकले की आपल्या चळवळीतल्या तरुणाच्या कपाळावर आठी येते, आणि ती यायलाच हवी. या राज्यात लोकांच्या ताटावर पहारा बसवणाऱ्यांनी आजवर पर्याय कधीच दिला नाही, फक्त ताटातलं उचलून नेलं. २०१५ साली गायीपाठोपाठ बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. गरिबाला परवडणारं मांस गेलं. म्हातारा बैल विकून त्यात भर घालून नवी जोडी घेणारा कोरडवाहू शेतकरी अडकला. कुरेशी, खाटीक आणि चामड्यावर जगणारा चर्मकार यांचा धंदा बसला. २०२५ च्या जानेवारीत शालेय पोषण आहारातल्या अंड्याचा निधी सरकारने थांबवला आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला कल्याण-डोंबिवलीसारख्या महापालिकांनी मांसविक्री बंद ठेवण्याचे आदेश काढले. स्वातंत्र्यदिनी माणसाने काय खावं हे महापालिका ठरवणार!

मग आंबेडकरी माणसाने हा विषय हातात घ्यावाच कशाला? माझं म्हणणं असं की आपण तो घेतला नाही, तर त्याचा निकाल दोनच जण लावतील: मठातला शाकाहारवादी आणि कंपनीतला भांडवलदार. दोघांच्याही हिशोबात आपण नाही.

आधी बाबासाहेबांनी काय मांडलं ते पाहू. १९२७ साली महाडला त्यांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं. तो शाकाहाराचा उपदेश नव्हता. गावाने लादलेली लाचारी सोडायची होती. १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावर लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी दाखवलं की एकेकाळी गोमांस खाणाऱ्या ब्राह्मणांनी ते सोडलं, यामागे भूतदया नव्हती, बौद्ध धम्मावर मात करण्याचं राजकारण होतं. म्हणजे शाकाहाराच्या सोवळ्याचा बुरखा त्यांनी स्वतःच फाडला. पण तेच बाबासाहेब १९५६ साली नागपूरला बावीस प्रतिज्ञा देताना प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञाही देतात. यात विसंगती शोधणाऱ्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' उघडून पाहावा. तिथे ते अहिंसेला आंधळा नियम मानत नाहीत, तत्त्व मानतात. गरजेपोटी मारणं वेगळं आणि मारण्याची इच्छा वेगळी, हा फरक ते स्पष्ट करतात. गरज कुठे संपते याचा विचार माणसाने आपल्या बुद्धीने करायचा आहे.

या कसोटीवर आजचा पोल्ट्री उद्योग तपासा. अमरावती जिल्ह्यात गावाबाहेर उभे असलेले लांबलचक शेड आपण सगळे पाहतो. परसात चार गावरान कोंबड्या पाळणाऱ्या आपल्या आजीचा व्यवसाय आणि हा उद्योग यांचं नाव एक असलं तरी जात वेगळी आहे. इथे ब्रॉयलर सहा आठवड्यांच्या आत दोन किलोचा करून बाजारात जातो. अंड्याच्या पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला जेमतेम कागदाच्या एका पानाएवढी जागा येते. करारपद्धतीत पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, कर्ज, वीज आणि घाम शेतकऱ्याचा. त्याला किलोमागे ठरलेले रुपये मिळतात. आपल्याच शेडमध्ये तो मजूर होतो. आत विष्ठा उपसणारे, अमोनियाच्या वासात दिवस काढणारे हात कोणाचे आहेत, हे वेगळं सांगायला नको.

रोगाचा धोकाही याच हातांना आधी. भारतातली बर्ड फ्लूची पहिली मोठी साथ २००६ साली आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या नवापूरला आली आणि लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. कोलिस्टिन हे माणसाच्या जिवावर बेतलं असताना वापरायचं शेवटच्या फळीतलं प्रतिजैविक. ते कोंबड्या फुगवायला खाद्यातून दिलं जात होतं. २०१९ साली केंद्राला त्यावर बंदी घालावी लागली. जंतू औषधाला जुमानेनासे झाले की महागड्या खाजगी दवाखान्याची पायरी न चढू शकणारा माणूस आधी मरतो.

आता सोयाबीनकडे या. इथे वऱ्हाडचा खरा प्रश्न आहे. अकोला, अमरावती, वाशीम, बुलडाणा हा पट्टा सोयाबीनवर उभा आहे. या दाण्यात साधारण चाळीस टक्के प्रथिनं असतात. तेल काढलं की उरलेली पेंड कोंबडीच्या पोटात जाते. तिथे त्या प्रथिनांचा मोठा भाग कोंबडीच्या जगण्यात खर्च होतो, थोडाच मांस होऊन ताटात परत येतो. दुसरीकडे मेळघाटातलं पोर कुपोषित आहे आणि देशातल्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आहे. शिवारात प्रथिनं पिकतात आणि घरात प्रथिनांचा दुष्काळ!

पोल्ट्रीच्या दावणीला बांधलेल्या या पिकाचा भाव कोण ठरवतं, हे २०२१ ने दाखवलं. त्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलमागे दहा हजारांच्या घरात गेलं होतं. पोल्ट्री उद्योगाने ओरड केली आणि केंद्राने बारा लाख टन जनुकबदल सोयाबीनची पेंड आयात करायला परवानगी दिली. त्यात नवं पीक बाजारात आलं आणि भाव कोसळला. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये असताना आपल्या बाजार समित्यांत शेतकऱ्याने त्याहून कमी भावात माल ओतला. एकाच गिऱ्हाइकावर जगणाऱ्या पिकाचं असंच होतं. माणसाच्या ताटाकडे जाणारी दुसरी वाट उघडली, तर शेतकऱ्याला दुसरं गिऱ्हाईक मिळेल.

ही वाट आपल्याला परकी नाही. मटण परवडत नव्हतं तेव्हा आपल्या आयांनी बेसनाच्या पातोड्या थापून, तोच मसाला वाटून, तसाच तर्रीदार रस्सा केला. सोयाबीनच्या वड्या तर किराणा दुकानात आहेतच. शंभर ग्रॅम सुक्या वडीत पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सोयाबीनमध्ये ब-१२ जीवनसत्त्व नसतं आणि त्यातलं लोह मांसातल्या लोहाइतकं अंगी लागत नाही. ही उणीव भरून काढणं हे संशोधनाचं काम आहे. म्हणून शाळेतलं अंडं काढून 'वडी खा' असं कोणी म्हणालं, तर त्याला आपण रस्त्यावर अडवायचं.

प्रयोगशाळेत पेशी वाढवून केलेल्या मांसाचंही तसंच. २०१३ साली लंडनमध्ये असा पहिला बर्गर चाखला गेला, तेव्हा त्याचा खर्च अडीच लाख युरो होता. २०२० साली सिंगापूरने असं चिकन विकायला परवानगी दिली. आपल्याकडे हैदराबादच्या सरकारी संस्थांनीही त्यावर काम हाती घेतलं. तंत्रज्ञान वाईट नसतं. पण पेटंट चार कंपन्यांकडे आणि भाव मॉलचा असेल, तर ते नवं सोवळंच ठरेल.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. अकोल्यात डाळ मिलचा मोठा जुना धंदा आहे, कृषी विद्यापीठ आहे, पशुवैद्यकीय संस्था आहे. त्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, त्या पंजाबराव देशमुखांनी अमरावतीच्या अंबादेवी मंदिर सत्याग्रहात अस्पृश्यांची बाजू घेतली होती. त्या नावाला जागून विद्यापीठाने गरिबाला परवडणाऱ्या, ब-१२ घातलेल्या सोया-तुरीच्या प्रथिनांवर संशोधन करावं आणि ते बचत गटांना, शेतकरी कंपन्यांना खुलं द्यावं. प्रक्रिया उद्योगाला मिळणाऱ्या सरकारी पैशात अनुसूचित जाती-जमातींच्या संस्थांचा वाटा राखून ठेवावा. शेडमधल्या मजुराला आणि खाटीक-कुरेशी समाजाला नव्या कामात पहिला हक्क मिळावा. आणि कोणाच्याही ताटावर बंदी नको.

मांस खाणारा कमीपणाचा नाही आणि न खाणारा पवित्र नाही. ज्या दिवशी तितकंच चवदार, तितकंच पौष्टिक आणि मांसाहून स्वस्त अन्न गावच्या दुकानात मिळेल, त्या दिवशी मारण्याची गरज आपोआप कमी होईल. तेव्हा करुणेसाठी पोलीस लागणार नाही. तोवर ताट आपलं, निर्णयही आपला. मित्रांनो, या विषयावर तुमच्या गावात, वसतिगृहात चर्चा घडवा, आणि अकोला-अमरावतीच्या लोकप्रतिनिधींना सोयाबीनच्या भावाबरोबर हाही प्रश्न विचारा.

जय भीम!