गाडी पायथ्याशीच राहू द्या

असीरगडावर गाडी जाते, ही आमच्या भागातल्या लेकुरवाळ्या घरांची खरी अडचण आहे. गाडी जात नसती तर लोक चालले असते. आता होतं असं की रविवारी दहाच्या सुमाराला सगळं कुटुंब गाडीत बसतं, वळणं घेत घेत दारापर्यंत जातं, मशिदीच्या मिनारांखाली फोटो काढतं, महादेवाला हात जोडतं, पोरांच्या हातात कुरकुऱ्यांची पुडी देतं आणि जेवायला बऱ्हाणपूरला परत. पोरांना विचारा, काय पाहिलं? गाडीत उलटी झाली, एवढं त्यांना पक्कं आठवतं.

मी रावेर तालुक्यातली. लग्न होऊन निंबोल्याला आले. आमच्या केळीच्या मळ्यातून उत्तरेकडे मान वळवली की गड दिसतो, आणि तरी सासरच्या माणसांपैकी बरेचजण त्यावर एकदाही पायी चढलेले नव्हते. ‘काब्र, पायी काब्र? गाडी तं आहे नं,’ असं सासूबाईंनी मला सरळ विचारलं होतं. प्रश्न रास्त होता. दिवसभर मळ्यात वाकून काम करणाऱ्या बाईला सुटीच्या दिवशी आणखी पाय दुखवून घ्यायची हौस कशाला असेल? पण घरात आता एक सहा वर्षांची थोरली आणि एक तीन वर्षांचा धाकटा आहे. त्यांच्या पायांना काम नाही. शाळेची गाडी दारात येते, क्लासला स्कूटर आहे, आणि उरलेल्या वेळात हातात मोबाइल. म्हणून सांगते, ज्यांच्या घरात दहा वर्षांच्या आतली मुलं आहेत त्यांनी गाडी पायथ्याशी ठेवून पायऱ्यांच्या वाटेनं वर जावं. आणि सरकारनं जो काही पैसा या गडावर खर्च करायचा तो आधी या पायवाटेवर करावा, वाहनतळ नंतर.

लहान मुलांना घेऊन चढायला असीरगडासारखा गड शोधून सापडायचा नाही. पायथ्यापासून उंची अडीचशे मीटरच्या आसपास, म्हणजे सह्याद्रीतल्या थोरल्या गडांपुढे बुटकाच. शिवाय तो तीन थरांचा आहे: खाली मलयगड, मध्ये कमरगड आणि सगळ्यात वर असीरगड. ज्या मुलाचे पाय जिथे थकतील तिथला थर त्याचा. पहिल्या खेपेला आम्ही कमरगडाच्या तटाशीच शिदोरी सोडली, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली आणि खाली उतरलो. यांना वाटत होतं की इतक्या जवळ येऊन माथा सोडणं म्हणजे नामुष्की. मी म्हटलं, अकबर बादशहा एवढी फौज घेऊन आला, त्याला कित्येक महिने खालीच बसावं लागलं आणि जानेवारी 1601 मध्ये कुठे गड हाती आला; तोही लढून नव्हे, आतली माणसं फोडून. आपला धाकटा पुढच्या महिन्यात जाईल.

ही दृष्टी आमच्याकडे अजून यायची आहे. पुण्या-मुंबईकडचे ट्रेकर समाजमाध्यमांवर दिसतात, हरिहर गडाच्या खड्या पायऱ्यांवर मुंग्यांसारखी रांग लावून उभे असतात. ते पाहून आमच्याकडच्या बापांनाही वाटायला लागलंय की चढायचं तर माथ्यापर्यंत, ते पण घड्याळ लावून. सहा वर्षांच्या मुलीला घड्याळाशी काय घेणं आहे? तिला पायरीवरचा सरडा दहा मिनिटं बघायचा असतो. बघू द्यावा. मोठ्या माणसाला पाऊण तासात जमणाऱ्या चढाला मुलांबरोबर दोन तास धरावेत, आणि ते वाया गेले असं म्हणू नये.

वाटेवर बघायला काय आहे, असं मला शाळेतल्या सहकारी बाईंनी विचारलं. या डोंगरांत अंजन आहे. त्याचं पान दोन पाकळ्यांचं, फुलपाखरानं पंख उघडल्यासारखं. मुलं ओंजळी भरभरून गोळा करतात. सालई आहे. तिची साल पातळ कागदासारखी सुटते आणि डिंक जाळला की धुपाचा वास येतो. याच सालईच्या आणि बांबूच्या लगद्यापासून आमच्या जिल्ह्यातल्या नेपानगरच्या गिरणीत वर्तमानपत्रांचा कागद तयार व्हायचा. 1956 मध्ये पंडित नेहरूंनी ती देशाला अर्पण केली होती. म्हणजे आमच्या आजोबांच्या पिढीनं वाचलेल्या कितीतरी बातम्या या झाडांवर छापल्या गेल्या. थोरलीला हे सांगितलं तर तिनं झाडाच्या खोडाला नाक लावून वास घेतला आणि जाहीर केलं की पेपरचा वास येत नाही. पावसाळा सरला की सीताफळं लागतात. ती तोडायची कुणी, यावर वाद घालत चढ कधी संपतो कळत नाही.

आणि अश्वत्थामा आहे. कपाळावरची जखम घेऊन तो अजून फिरतो आणि पहाटे गडावरच्या महादेवाला फूल वाहून जातो, असं आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगतात. याच सातपुड्याच्या पश्चिमेला, नंदुरबार जिल्ह्यात, अस्तंब्याच्या डोंगरावर दिवाळीत त्याच्याच नावानं यात्रा भरते. म्हणजे सातपुड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो चालतोच आहे. लहान मुलांना ही गोष्ट सांगू नये, घाबरतात, असं काहींचं मत आहे. आमचा अनुभव वेगळा. धाकट्याला एकच काळजी पडली, त्याला दवाखान्यात का नेत नाहीत? त्या प्रश्नावर आम्ही निम्मा चढ काढला. यांनी इतिहासातलं शोधून काढलं, मी पुराणातलं, आणि तरी उत्तर मिळालं नाही.

आता थोडं नवरा-बायकोबद्दल, कारण त्याबद्दल कुणी लिहीत नाही. एकत्र कुटुंबात, त्यातून खेड्यात, नवरा-बायकोनं दोघांनीच काही कारण नसताना बाहेर पडणं अजून सोपं नाही. शेजारीण विचारतेच, ‘कुठं निघाले? दवाखान्यात का?’ मुलांना घेऊन गडावर जाणं हे मात्र चालतं, त्यात पुण्यही आहे, महादेव आहे. आणि चढताना मुलं पुढे पळतात. तेवढ्या वेळात आम्ही केळीच्या भावापासून सुरुवात करून जे बोलायचं राहिलेलं असतं ते बोलतो. घरात ते बोलणं होत नाही, कारण भिंतीपलीकडे सगळे जागे असतात. लग्न न झालेली जोडपीही गडावर येतात. कुणाच्या वाटेत नसतात, कचरा करत नाहीत. तरी हातात काठी आणि मोबाइल घेतलेले स्वयंघोषित राखणदार त्यांना उठवून नाव-गाव विचारतात, व्हिडिओ काढतात. माझी मुलं हे बघतात, आणि मला त्या जोडप्यांपेक्षा या राखणदारांची जास्त लाज वाटते. गडाची राखणच करायची असेल तर भिंतींवर खिळ्यानं बदामात नावं कोरणाऱ्यांना धरा, ते खुशाल मोकळे सुटतात.

पावसाळ्याबद्दल मात्र मी कडक आहे. पोरांना घेऊन धबधब्याखाली जायचं नाही. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यात लहान मुलं होती. त्या माणसांनी काही वेडं साहस केलं नव्हतं. घोटाभर पाण्यात सगळे उभे राहतात तसे उभे होते. डोंगरात पाऊस वर कुठेतरी पडतो आणि खाली तुमच्या डोक्यावर कोरडं आभाळ असताना ओढा काही मिनिटांत फुगतो. आमच्या सातपुड्यातले ओढेही असेच आहेत. गडाचा चढ त्या मानानं बरा, कारण तिथे तुम्ही पाण्याच्या वाटेत नसता. पण शेवाळलेली पायरी, पाण्यानं भरलेलं तळं आणि गवतानं झाकलेलं तळघराचं तोंड, या तिन्हींपाशी मुलाचा हात सोडायचा नाही. पावसाची उघडीप बघून जावं, नाहीतर थेट दसऱ्यानंतर. मार्चनंतर नाव काढू नका. निमाडचं ऊन चव्वेचाळीस-पंचेचाळीसपर्यंत जातं आणि गडावरचा काळा दगड ते संध्याकाळपर्यंत धरून ठेवतो. एरवीही सकाळी सातला चढायला लागावं आणि अकराच्या आत खाली असावं.

सरकारकडे मागायचं ते फार महाग नाही. नॉर्वेत 1868 पासून चालत आलेली एक पदभ्रमण संघटना आहे. तिचे लोक डोंगरातल्या वाटांवर दगडांवर लाल रंगानं इंग्रजी टी अक्षर काढत जातात. एक खूण दिसली की पुढची शोधायची, एवढ्या खेळावर तिथली मुलं मैलोन् मैल चालतात. त्या संघटनेची मुलांसाठी वेगळी शाखासुद्धा आहे. आपल्याला संरक्षित तटाला ब्रश लावायचा नाही, पण पायथ्याच्या वाटेवर सुट्या दगडांवर खुणा करायला रंगाचे दोन डबे पुरतात. पावसाळा संपला की वाटेवरचं गवत काढावं. तळ्यांच्या आणि विहिरींच्या काठाला मुलाच्या छातीइतका कठडा असावा. पायथ्याशी आणि वर, कुलूप न लावलेलं स्वच्छतागृह असावं. बायका पाणी कमी पितात आणि मग चढात चक्कर येते, हे पुरुषांच्या समितीला कधी सुचत नाही. आणि दर पन्नासेक पायऱ्यांवर बसायला सावलीतला एक कट्टा, तो म्हाताऱ्यांनाही लागतो. इतिहासाचे फलक लावाल तर यशवंतराव लाडांचंही नाव येऊ द्या. 1819 च्या एप्रिलमध्ये शिंद्यांच्या बाजूनं हा गड इंग्रजांविरुद्ध लढवणारा किल्लेदार मराठी होता, आणि पेशवाई बुडाल्यावरही हा गड उभा होता, हे महाराष्ट्रातल्या पाहुण्यांना माहीत नसतं.

चढायला वेळ नाही असं म्हणणाऱ्यांसाठी एक आठवण देते. फेब्रुवारी 2025 मध्ये ‘छावा’ सिनेमा आला आणि त्यावरून गडाच्या परिसरातल्या शेतांत मोगलांची सोन्याची नाणी निघतात अशी आवई उठली. त्यानंतर कित्येक रात्री बॅटऱ्या, कुदळी, चाळण्या घेऊन माणसं खणत होती. देशभरातले कॅमेरे आले. त्या रात्री कुणाला उशीर झाला नाही, कुणाचे गुडघे दुखले नाहीत.

आणि हो, चालण्याला ट्रेक हे नाव आम्ही देतो. आमच्याच डोंगरात बारेला आदिवासी बायका पाठीला झोळीत लेकरू आणि डोक्यावर मोळी घेऊन रोज उतरतात. धाकटा थकला तेव्हा मी बाजारातली महागडी पाठपिशवी बाजूला ठेवून त्यांच्यापैकी एकीकडून झोळी बांधायला शिकले. जुनं नऊवारी लुगडं पुरतं, गाठ उजव्या खांद्यावर आणि मुलाचे गुडघे त्याच्या कमरेच्या वर. दुसरं काही लागत नाही.

गड झेपणार नसेल तर आधी इच्छापूरच्या इच्छादेवीची टेकडी करा. पायऱ्या बांधीव आहेत आणि सीमेपलीकडच्यांना ती जवळ पडते. अगदी लहान बाळ असेल तर अमरावती रस्त्यावर सिंगखेड्याला महल गुलारा. उतावळी नदीच्या दोन काठांवर शाहजहानच्या काळातले म्हणून सांगितले जाणारे दोन महाल, सपाट जागा, चढ नाही. फक्त पाणी वाहत असेल तेव्हा बांधावर जायचं नाही. जळगावकडच्यांनी हिवाळ्यात पाल गाठावं, सुकी नदीच्या बाजूला सावली चांगली आहे. मनुदेवीचा धबधबा सुंदर, पण त्याला वर सांगितलेला नियम लागू.

असीरगडाला यायचं तर श्रावणी सोमवार टाळा. आमच्याकडे श्रावण दोनदा असतो: हिंदी भाषकांचा पौर्णिमेनंतर सुरू होतो आणि आपला त्यानंतर पंधरा दिवसांनी अमावास्येनंतर, त्यामुळे सोमवारची गर्दी दीड महिना हटत नाही. मंगळवारी या, नाहीतर बुधवारी. गोवऱ्या, वांगी, तूरडाळ बरोबर आणा आणि गडावर चूल न मांडता खाली कुणाच्या तरी मळ्यात विचारून वरण-बट्टी लावा. कुणी नाही म्हणत नाही. बट्टीला चांगला दीड तास लागतो, तोवर मुलं झोपून उठतात.