रेसिडेन्सीची हद्द

हैदराबादेत कोठीहून सुलतान बाजारात शिरणाऱ्या माणसाला आज हद्दीचा एकही दगड आडवा येत नाही. परंतु 1933 सालापर्यंत येथे एका सत्तेचा अंमल संपून दुसरीचा सुरू होत असे. भोवती निजामाचा मुलूख आणि मध्ये ब्रिटिश रेसिडेंटाच्या हुकमतीखालचे 'रेसिडेन्सी बाजार'!

या चिमुकल्या मुलखाची राजधानी म्हणजे कर्कपॅट्रिकने 1803 च्या सुमारास उभारावयास घेतलेली रेसिडेन्सी. उंच कोरिंथियन खांब, पायऱ्यांशी सिंह, आत झुंबरे. आणि खर्च निजामाच्या तिजोरीतून! आपल्यावर नजर ठेवणाऱ्याचा महाल आपणच बांधून द्यावा, याहून मांडलिकीचे नेमके चित्र कोणते? 17 जुलै 1857 रोजी तुर्रेबाज खान व मौलवी अलाउद्दीन यांनी याच वास्तूवर चाल केली, ती उगीच नव्हे.

तथापि इतिहास मोठा खट्याळ आहे. निजामी अमलात जाहीर सभेचा गळा आवळलेला होता. रेसिडेन्सीच्या हद्दीत तो अंमल चालत नसे. रस्ता ओलांडला की तोंड उघडता येई! साहजिकच बोलू पाहणारी माणसे इकडे वळली. 1892 साली येथे आर्य समाज स्थापन झाला. 1907 साली केशवराव कोरटकर व वामनराव नाईक यांनी विवेकवर्धिनी काढली, 1922 साली मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले. दोन्ही याच परिसरातली. हैदराबादच्या मराठी माणसाचे सार्वजनिक जीवन या अरुंद गल्ल्यांतच वाढले.

पण ती परक्याच्या छत्राखालची मोकळीक होती, हक्क नव्हता. 1933 साली दोन सरकारांत बोलणे झाले आणि रेसिडेन्सी बाजार निजामाच्या स्वाधीन झाले. रहिवाशांचा कौल कोणी घेतला? सिकंदराबादेचा मोठा नागरी भागही 1945 साली असाच परत गेला. सीमाभागातील वाचकांस ही रीत नव्याने सांगावयास नको. 1956 साली हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले आणि भालकी-औराद म्हैसूरच्या वाट्यास गेले, तेव्हाही गावोगावचा कौल घेतला गेला नव्हता.

राहता राहिला नगराचा कारभार. सालारजंगाच्या काळी, 1869 साली, हैदराबादेत नगरपालिकेची व्यवस्था सुरू झाली खरी. पण ती अंमलदारांची होती, नागरिकांची नव्हे. शहर आणि चादरघाट असे तिचे दोन भाग पडले, ते 1933 साली एक झाले. 1934 साली पहिली निवडणूक झाली, तीही मोजक्या मतदारांची. म्हणजे कारभार सुरू झाल्यापासून मतपेटी यावयास पासष्ट वर्षे लागली! 1960 साली हैदराबाद व सिकंदराबादच्या महापालिका एकत्र आल्या. रेसिडेन्सीत तर 1949 पासूनच मुलींचे महाविद्यालय भरू लागले होते. परंतु सिकंदराबादची छावणी या एकीकरणातून वगळली गेली. तेथील नागरिकाला आपल्या नळाचा आणि रस्त्याचा जाब महापालिकेच्या सभागृहात विचारण्याची सोय 1960 नेही केली नाही.