हजेरीपट वाचता आला पाहिजे

समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीची, म्हणजे एमएसडब्ल्यूची, मुले क्षेत्रकार्यासाठी वस्तीत जातात. एखाद्या विधवेला संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज भरून देतात. तो अर्ज तहसील कार्यालयात अडकला की त्यांचेही पाऊल अडते. शासन निर्णय कसा वाचायचा, मंजुरी कोणाच्या सहीने होते, निधी कोणत्या लेखाशीर्षातून येतो, हे त्यांना कोणी शिकवलेले नसते. लोकप्रशासनात एमए करणाऱ्यांना ही सारी रचना ठाऊक असते. पण उत्पन्नाच्या दाखल्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला आलेली बाई त्यांना अभ्यासक्रमात कुठेच भेटत नाही.

म्हणून या दोन पदव्या एकत्र शिकवल्या पाहिजेत. अमेरिकेतील काही विद्यापीठांत तशी सोय आहे. सामाईक विषय दोन्हींकडे धरले जातात आणि चार वर्षांचा अभ्यास साधारण तीन वर्षांत होतो. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या घेण्यास मुभा दिली. नियमित एमएसडब्ल्यू करताना इग्नूमधून दूरशिक्षणाने लोकप्रशासनही शिकता येते. तरीही दोन गुणपत्रिका हाती आल्याने दोन विद्या एकजीव होत नाहीत. त्यांचा सांधा जुळवण्याचे काम एकट्या विद्यार्थ्यावर सोडलेले आहे.

तो सांधा जुळला की काय घडते, हे राजस्थानने दाखवले. १९६८ मध्ये आयएएसमध्ये दाखल झालेल्या अरुणा रॉय यांनी काही वर्षांतच नोकरी सोडली आणि त्या खेड्यात काम करू लागल्या. १९९० मध्ये मजूर किसान शक्ती संघटना उभी राहिली. मजुरांना पुरी मजुरी का मिळत नाही, याचे उत्तर सरकारी हजेरीपटात दडले आहे हे ओळखून संघटनेने ते कागद मागितले आणि जनसुनवाईत गावासमोर मोठ्याने वाचले. कामावर कधीच न गेलेल्यांची नावे त्यांत निघाली. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा या लढ्याच्या मुशीतून आला. मजुरांचा विश्वास आणि दप्तराची जाण, यांतले एकही नसते तर तो लढा इथवर आला नसता.

महाराष्ट्राला हे परके नाही. देशातले समाजकार्याचे पहिले विद्यालय १९३६ मध्ये मुंबईत निघाले. रोजगार हमीचा कायदा आपण १९७७ मध्येच केला. आता विद्यापीठांनी पुढचे पाऊल टाकावे. संयुक्त अभ्यासक्रम आखावा आणि त्याच विद्यार्थ्याला सहा महिने सरकारी कार्यालयाच्या खिडकीबाहेरच्या रांगेत, सहा महिने खिडकीच्या आत बसवावे. उद्या तो अधिकारी होवो वा कार्यकर्ता, अर्ज परत करताना कोणाची मजुरी बुडते आहे, हे त्याला ठाऊक असेल.